दप्तर जपणारी तबकडी : लॅपटॉपची हार्ड डिस्क बदलताना

गावचे दप्तर म्हटले की लाल कापडात बांधलेले बस्ते डोळ्यांसमोर येत, तो काळ फार मागे पडलेला नाही. आज त्या बस्त्यांशेजारी लॅपटॉप येऊन बसला आहे. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘संग्राम’ प्रकल्पाने राज्यातील ग्रामपंचायतींच्या कामकाजात संगणक आणला. २०१६ पासून ‘आपले सरकार सेवा केंद्रां’नी तो गावकऱ्यांच्या नित्य व्यवहाराचा भाग केला. महसूल विभागात ई-फेरफार, शाळांत यू-डायस आणि पंचायतींच्या हिशेबासाठी २०२० पासून ‘ई-ग्रामस्वराज’ अशा प्रणाली आल्या. पूर्वेच्या वणीपासून दक्षिणेच्या उमरखेडपर्यंत पसरलेल्या यवतमाळ जिल्ह्याच्या सोळाही तालुक्यांत ग्रामपंचायत, शाळा व साझा या तिन्ही ठिकाणी संगणकाविना काम चालणे आता कठीण झाले आहे.

यांपैकी अनेक यंत्रांचे आता वय झाले आहे. लॅपटॉप जुना झाला की त्याचा जो भाग प्रथम कुरकुरू लागतो, त्यांत हार्ड डिस्कचा क्रम वरचा लागतो. संगणक सुरू होण्यास पंधरा-वीस मिनिटे लागतात, नोंदी उघडत नाहीत, आणि एखाद्या सकाळी पडद्यावर काहीच उमटत नाही. अशा वेळी घाईने नवी डिस्क मागविली जाते. ती यंत्रात बसत नाही, म्हणून परत जाते. वणी किंवा उमरखेड येथून जिल्ह्याचे ठिकाण सुमारे शंभर किलोमीटर दूर आहे. त्यामुळे एका चुकीच्या खरेदीची किंमत केवळ रुपयांत मोजता येत नाही. त्याहून मोठे नुकसान जुन्या डिस्कवरील कागदपत्रे कायमची जाण्यात असते. डिस्क बाजारात पुन्हा मिळते. तिच्यावरील दप्तर मिळत नाही. नव्या डिस्कच्या निवडीचा विचार या एका सूत्रापासून सुरू झाला पाहिजे.

यंत्रात नेमके काय आहे?

संगणकावर दिसणारे सर्व काही त्या संगणकातच साठविलेले असते, असा एक समज आढळतो. याच्या उलट, सर्व काही ‘ऑनलाइन’ आहे, म्हणून डिस्क गेली तरी बिघडत नाही, असाही समज आढळतो. हे दोन्ही समज अपुरे आहेत. सातबारा, आठ-अ व फेरफाराच्या नोंदी राज्याच्या मध्यवर्ती सर्व्हरवर असतात. ई-ग्रामस्वराजवर भरलेले हिशेबही स्थानिक डिस्कवर अवलंबून नसतात. अंकीय स्वाक्षरी बहुधा वेगळ्या यूएसबी टोकनमध्ये असते.

परंतु ग्रामसभेच्या इतिवृत्तांचे मसुदे, नमुना ८ वरून तयार केलेले कर आकारणीचे तक्ते, पाणीपट्टीच्या थकबाकीच्या याद्या, लाभार्थ्यांच्या अर्जांच्या स्कॅन केलेल्या प्रती, शाळेची निकालपत्रके, पोषण आहाराचे हिशेब ही सामग्री बहुतेक वेळा त्या एकाच यंत्रात असते. जुलै २०२३ मध्ये जिल्ह्यात अतिवृष्टी होऊन महागाव तालुक्यासह अनेक भागांना पुराचा तडाखा बसला. अशा आपत्तीनंतर पडलेली घरे व खरडून गेलेली शेते यांची छायाचित्रे पंचनाम्यासाठी घेतली जातात. ती भ्रमणध्वनीतून संगणकात उतरविली जातात आणि मूळ ठिकाणाहून पुष्कळदा पुसली जातात. मागाहून एखाद्या शेतकऱ्याचे नाव यादीतून सुटल्याची तक्रार आली, तर पुरावा त्या डिस्कवरच शोधावा लागतो. यास्तव डिस्क बदलण्यापूर्वी यंत्रात काय आहे, त्यांपैकी काय अन्यत्र सुरक्षित आहे आणि काय नाही, याची एक पानभर यादी करणे हे पहिले काम होय.

बिघाडाची लक्षणे

परंपरागत हार्ड डिस्कमध्ये चुंबकीय लेप दिलेल्या तबकड्या असतात. लॅपटॉपमधील सामान्य डिस्कच्या तबकड्या मिनिटाला ५,४०० म्हणजे सेकंदाला ९० फेरे घेतात. त्यांवरून वाचनशीर्ष अत्यंत सूक्ष्म अंतरावर तरंगत असते. हे अंतर केसाच्या जाडीच्या हजारो पटींनी कमी असते. चालू यंत्र टेबलावरून पडणे किंवा मोटारसायकलच्या पिशवीत ते सुरूच राहून हादरे बसणे या डिस्कला मारक ठरते, त्याचे कारण येथे आहे.

‘टकटक’ असा आवाज येणे, एकच नोंद उघडण्यास मिनिटे लागणे, नोंदी वाचता न येणे ही बिघाडाची उघड लक्षणे होत. याशिवाय प्रत्येक आधुनिक डिस्क आपल्या प्रकृतीची नोंद स्वतःच ठेवते. या व्यवस्थेस ‘स्मार्ट’ म्हणतात. ‘क्रिस्टलडिस्कइन्फो’सारख्या विनामूल्य साधनाने ती नोंद पाहता येते. बाद ठरवून बदललेल्या व वाचता न येणाऱ्या विभागांची संख्या वाढत असेल, तर डिस्क बदलण्याची वेळ आली असे समजावे. गूगल कंपनीच्या अभियंत्यांनी एक लाखाहून अधिक डिस्कांचा अभ्यास करून २००७ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पृष्ठभागाच्या तपासणीत पहिली चूक आढळल्यानंतरच्या ६० दिवसांत अशा डिस्क निकामी होण्याची शक्यता चूक न आढळलेल्या डिस्कांपेक्षा ३९ पट अधिक होती. त्याच अभ्यासाने दुसरी गोष्टही दाखविली. निकामी झालेल्या डिस्कांपैकी निम्म्याहून अधिक डिस्कांवर प्रमुख चार दर्शकांपैकी एकानेही पूर्वसूचना दिली नव्हती. सूचना आली तर ती गंभीरपणे घ्यावी. सूचना नाही म्हणून निर्धास्त राहू नये.

लक्षणे दिसताच प्रथम महत्त्वाच्या नोंदींची प्रत बाहेरील डिस्कवर घ्यावी. दुरुस्तीच्या आज्ञा त्यानंतर द्याव्यात, कारण आजारी डिस्कवर दुरुस्तीचे दीर्घ काम चालविल्यास ती मध्येच बंद पडू शकते. टकटक आवाज येत असेल तर यंत्र पुनःपुन्हा सुरू करून पाहू नये. डिस्कचे झाकण तर कोणत्याही परिस्थितीत उघडू नये. धुळीचा एक कणही तबकडी खरवडण्यास पुरेसा असतो. कापूस व जिनिंगच्या या मुलखात हे विशेष ध्यानात ठेवण्याजोगे आहे.

जागा आणि जोडणी

नवी डिस्क निवडताना किंमत व क्षमता या गोष्टी नंतर येतात. ती यंत्रात बसेल काय आणि यंत्र तिला ओळखेल काय, हे दोन प्रश्न आधी सोडवावे लागतात. लॅपटॉपच्या तळाशी असलेला नमुना क्रमांक उतरवून घ्यावा, उत्पादकाची सेवा-पुस्तिका पाहावी आणि शक्य असल्यास जुनी डिस्क बाहेर काढून तिच्यावरील पट्टी वाचावी. सामान्यतः पुढील चार प्रकार आढळतात.

पहिला प्रकार अडीच इंची ‘साटा’ डिस्कचा. २००३ च्या सुमारास ही जोडणी बाजारात आली. पुढील दीड दशकातील बहुतेक लॅपटॉपमध्ये ती दिसते. हिची जाडी ७ किंवा ९.५ मिलिमीटर असते. साडेनऊ मिलिमीटरच्या जागेत ७ मिलिमीटरची डिस्क पट्टी लावून बसविता येते. याच्या उलट करता येत नाही. साटाच्या पिढ्या परस्परांशी जुळवून घेतात. नवी डिस्क जुन्या यंत्रात चालते, मात्र वेग जुन्या यंत्राचा मिळतो.

दुसरा प्रकार साटापूर्व काळातील, ४४ टाचण्यांच्या ‘आयडीई’ जोडणीचा. असे यंत्र आढळल्यास त्यातील माहिती काढून घ्यावी. नव्या डिस्कवर खर्च करणे बहुधा हिताचे ठरत नाही.

तिसरा प्रकार ‘एम डॉट टू’ या पट्टीवजा डिस्कचा. हिची रुंदी २२ मिलिमीटर असते आणि लांबी ३०, ४२ किंवा ८० मिलिमीटर असू शकते. ‘२२८०’ या आकड्याचा अर्थ २२ मिलिमीटर रुंद व ८० मिलिमीटर लांब एवढाच होय. खरी फसगत या प्रकारात होते. दिसण्यात सारख्या अशा दोन पट्ट्यांपैकी एक साटा पद्धतीने व दुसरी ‘एनव्हीएमई’ पद्धतीने बोलते. काही लॅपटॉप यांपैकी एकच पद्धत जाणतात. खाचेची जागा पाहून काही अंदाज येतो, पण निर्णय सेवा-पुस्तिका पाहूनच घ्यावा.

चौथा प्रकार मुख्य पाटीवर कायमच्या जोडलेल्या साठवणुकीचा. काही स्वस्त व काही अतिशय सडपातळ लॅपटॉपमध्ये तो आढळतो. तेथे डिस्क बदलणे गावपातळीवर शक्य नसते. ही बाब खरेदीचा ठराव करण्यापूर्वी कळलेली बरी.

फिरती तबकडी की एसएसडी?

जगातील पहिली व्यापारी हार्ड डिस्क आयबीएम कंपनीने १९५६ मध्ये तयार केली. तीत २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या होत्या आणि त्यांवर अवघी पन्नास लाख अक्षरे मावत. आजच्या भ्रमणध्वनीतील दोन छायाचित्रांनाही ती जागा पुरणार नाही. तबकडी फिरवून वाचण्याचे मूळ तत्त्व मात्र तेच राहिले. हवी ती जागा शीर्षाखाली येण्यासाठी अर्धा फेरा थांबावे लागते. ५,४०० फेऱ्यांच्या डिस्कमध्ये हा काळ साडेपाच मिलिसेकंदांहून थोडा अधिक असतो. शीर्ष हलविण्याचा वेळ निराळा. संगणक सुरू होताना अशी हजारो लहान वाचने होतात. यंत्राचा संथपणा त्यातून येतो.

सॉलिड स्टेट ड्राइव्ह, म्हणजे एसएसडी, हिच्यात फिरणारा भाग नाही. माहिती इलेक्ट्रॉनिक स्मृतीच्या चिपांमध्ये असते. साटा जोडणीवरही ती सेकंदाला सुमारे ५५० मेगाबाइटपर्यंत वाचू शकते आणि विखुरलेल्या लहान नोंदींच्या बाबतीत फरक याहून कितीतरी मोठा असतो. तिला हादऱ्यांची भीती कमी असते आणि वीजही कमी लागते. ज्या यंत्राची पिशवी दररोज गावोगाव हिंडते, त्यासाठी एसएसडी निर्विवादपणे योग्य होय.

तथापि तिच्या मर्यादाही जाणल्या पाहिजेत. तिच्यावर एकूण किती माहिती लिहिता येईल, याची हमी उत्पादक टेराबाइटमध्ये देतो. समजा ही हमी १०० टेराबाइटची आहे आणि कार्यालयात दररोज २० गिगाबाइट लिहिले जाते. वर्षाला ७.३ टेराबाइट होतील व हमी तेरा वर्षांहून अधिक पुरेल. म्हणजे सामान्य कार्यालयास ही चिंता नको. दुसरी मर्यादा अधिक महत्त्वाची आहे. एसएसडी ही कपाटात बंद ठेवण्याची वस्तू नव्हे. लेखनाची विहित हमी पूर्ण वापरलेल्या सामान्य एसएसडीने विजेविना ३० अंश तापमानात एक वर्ष माहिती टिकवावी, एवढीच अपेक्षा आंतरराष्ट्रीय मानकात आहे. तापमान वाढले की हा काळ घटतो. यवतमाळच्या मे महिन्यात, पारा ४४-४५ अंशांकडे झेपावत असताना, पत्र्याच्या खोलीतील कपाटात ठेवलेली जुनी एसएसडी म्हणजे अभिलेखागार नव्हे. दीर्घ साठवणुकीच्या प्रतीसाठी फिरती हार्ड डिस्क आजही उपयुक्त आहे.

क्षमता किती असावी?

येथे मोजमाप करून ठरवावे. कार्यप्रणाली व नेहमीची कार्यालयीन साधने मिळून ६० ते ८० गिगाबाइट जागा राखावी. स्कॅन केलेले एक पान सुमारे ३०० किलोबाइटचे धरल्यास दहा हजार पानांस ३ गिगाबाइट लागतात. चार मेगाबाइटची पाच हजार छायाचित्रे २० गिगाबाइटमध्ये मावतात. म्हणजे लहान ग्रामपंचायत वा प्राथमिक शाळेस २५० गिगाबाइटच्या आसपासची एसएसडी पुरेशी आहे. चित्रफिती व वर्षानुवर्षांची छायाचित्रे ठेवावयाची असतील, तर ५०० गिगाबाइटची घ्यावी. एसएसडी काठोकाठ भरू नये. थोडी जागा मोकळी असल्यास तिचा वेग व आयुष्य दोन्ही टिकतात.

५०० गिगाबाइटची डिस्क संगणकावर ४६५ गिगाबाइट दाखविते, यावरून फसवणुकीची शंका घेतली जाते. ती बरोबर नाही. उत्पादक एक गिगाबाइट म्हणजे शंभर कोटी बाइट धरतो. विंडोज मात्र १०२४ च्या पटीत मोजते. फरक केवळ मोजपट्टीचा आहे.

खरेदी करताना

नामांकित उत्पादकाची, किमान तीन वर्षांच्या हमीची डिस्क अधिकृत विक्रेत्याकडून पक्क्या पावतीवर घ्यावी. पावतीवर अनुक्रमांक लिहून घ्यावा व उत्पादकाच्या सेवेत तो तपासावा, म्हणजे हमी खरी की खोटी हे कळते. अविश्वसनीय कमी किमतीत प्रचंड क्षमता देऊ करणाऱ्या वस्तूंपासून दूर राहावे. आत अल्प स्मृती बसवून संगणकास मोठा आकडा दाखविणाऱ्या बनावट डिस्क बाजारात आढळल्या आहेत. त्यांवर मर्यादेपलीकडे लिहिलेली माहिती नष्ट होते. वापरलेली डिस्क नवी म्हणून विकली गेली आहे काय, हे ‘स्मार्ट’ नोंदीतील चालू तासांवरून पाहता येते.

किमती स्थिर नसतात. २०११ मध्ये थायलंडमध्ये आलेल्या पुराने तेथील कारखाने बंद पडले आणि जगभर हार्ड डिस्क महागल्या. म्हणून जुने दरपत्रक गृहीत न धरता प्रचलित खरेदी नियमांनुसार नवे दर मागवावेत. मागणीपत्रात केवळ ‘हार्ड डिस्क १ नग’ असे न लिहिता प्रकार, जोडणी, जाडी किंवा लांबी, क्षमता व हमीचा काळ या पाचही बाबी नमूद कराव्यात.

यंत्राच्या उर्वरित आयुष्याचाही विचार हवा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. यंत्र पुढील आवृत्तीस पात्र नसेल, तर नव्या डिस्कवरील खर्चाचा लाभ किती काळ मिळेल, हे पाहावे. सी-डॅकने विकसित केलेली ‘बॉस’ ही मुक्त कार्यप्रणाली हा एक पर्याय आहे. मात्र शासकीय संकेतस्थळे व स्वाक्षरी टोकन त्यावर चालतात काय, याची आधी चाचणी घ्यावी. तसेच लॅपटॉपची बॅटरी मृत असेल, तर वीज जाताच यंत्र एकदम बंद पडते आणि नव्या डिस्कवरील नोंदीही बिघडू शकतात. अशा यंत्रात डिस्कबरोबर बॅटरीही बदलणे हीच काटकसर होय.

बदलाचे काम

जुनी डिस्क चालू स्थितीत असेल, तर यूएसबी जोडणीच्या साहाय्याने तिची हुबेहूब प्रत नव्या डिस्कवर घेता येते. ‘क्लोनझिला’ हे विनामूल्य साधन त्यासाठी आहे. मात्र त्यासाठी नवी डिस्क जुनीहून लहान असू नये. प्रत घेताना मूळ कोणती व नवी कोणती हे दोनदा तपासावे. दिशा चुकल्यास रिकामी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते. संगणकात माहिती कूटबद्ध केलेली असल्यास तिची पुनर्प्राप्ती किल्ली आधी कागदावर उतरवून कपाटात ठेवावी. यंत्र उघडण्यापूर्वी विद्युत जोडणी व शक्य असल्यास बॅटरी काढावी. जुन्या डिस्कची चौकट, रबरी पट्ट्या व स्क्रू जपून ठेवावेत. नव्या डिस्कबरोबर ते मिळत नाहीत.

नवी डिस्क बसल्यावर आरंभी केलेल्या यादीनुसार प्रत्येक नोंद उघडून पाहावी. ही पडताळणी होईपर्यंत जुन्या डिस्कला हात लावू नये.

जुन्या डिस्कचे काय करावे?

या प्रश्नाकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. अमेरिकेतील दोन संशोधकांनी जुन्या बाजारातून १५८ वापरलेल्या डिस्क विकत घेतल्या व २००३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. चालू स्थितीतील १२९ डिस्कांपैकी केवळ १२ नीट पुसलेल्या होत्या. उरलेल्यांतून वैद्यकीय व आर्थिक स्वरूपाची खासगी माहिती बाहेर आली. नोंद ‘डिलीट’ केल्याने किंवा डिस्क ‘फॉरमॅट’ केल्याने माहिती जातेच असे नाही, हा त्याचा अर्थ.

गावच्या डिस्कवर आधार क्रमांक, बँक खाती, जातीचे दाखले, विद्यार्थ्यांच्या जन्मतारखा असतात. ज्यांची ही माहिती आहे, त्या विधवा, भूमिहीन व अल्पभूधारक लाभार्थ्यांनी ती विश्वासाने दिलेली असते. फिरत्या डिस्कवर आरंभापासून अखेरपर्यंत एकदा नवे लेखन केल्यास पूर्वीची माहिती व्यवहारतः परत मिळत नाही. एसएसडीसाठी उत्पादकाच्या साधनातील ‘सिक्युअर इरेज’ ही आज्ञा वापरावी. बंद पडलेली डिस्क भौतिकदृष्ट्या नष्ट करावी. हमीपोटी नादुरुस्त डिस्क परत मागितली जात असेल, तर तिच्यावरील माहितीचे मोल आधी तोलावे; प्रसंगी हमीचा लाभ सोडणे योग्य ठरते. सार्वजनिक अभिलेख आपल्या मर्जीने नष्ट करता येत नाहीत. म्हणून प्रत सुरक्षित झाल्याची खात्री, सक्षम अधिकाऱ्याची मान्यता, जडवस्तू संग्रह नोंदवहीतील नोंद व रीतसर निर्लेखन हा क्रम पाळावा. त्यानंतर ती वस्तू भंगारवाल्याकडे न देता ई-कचऱ्याच्या अधिकृत संकलकाकडे द्यावी.

दुसरी प्रत, दुसरे ठिकाण

कितीही उत्तम डिस्क निवडली तरी ती कधी ना कधी बंद पडणारच. म्हणून प्रत्येक महत्त्वाच्या नोंदीच्या तीन प्रती असाव्यात: एक यंत्रात, एक बाहेरील हार्ड डिस्कवर आणि एक अन्य ठिकाणी. अन्य ठिकाण म्हणजे विभागाने मान्य केलेली ऑनलाइन साठवण किंवा पंचायत समिती, केंद्रशाळा येथे मोहोरबंद ठेवलेली डिस्क असू शकते. बाहेरील डिस्क प्रत घेण्यापुरतीच जोडावी. सतत जोडलेली राहिल्यास विषाणूचा किंवा विजेच्या झटक्याचा फटका दोन्हींना एकदमच बसतो. दर महिन्याच्या एका ठरावीक दिवशी प्रत घ्यावी, तिच्यातील एखादी नोंद उघडून पाहावी आणि ‘प्रत घेतली व तपासली’ अशी तारखेसह नोंद वहीत करावी. मासिक सभेत सरपंचांनी, शाळेत मुख्याध्यापकांनी ती वही पाहिल्यास या कामास शिस्त येईल.

पूर्वी बस्त्यास वाळवी लागू नये म्हणून कडुलिंबाचा पाला ठेवीत आणि पावसाळ्यानंतर कागदांना ऊन दाखवीत. साधने बदलली, तरी जपणुकीची ती जबाबदारी बदललेली नाही. योग्य डिस्कची निवड हे या जबाबदारीचे एक अंग आणि दुसऱ्या प्रतीची सवय हे दुसरे अंग होय. ही दोन्ही अंगे सांभाळली गेली, तर एखादी तबकडी फिरायची थांबली म्हणून गावातील कोणाचाही हक्क थांबणार नाही.